काशीला सोडलेला गहू

“आमची आजी पण गहू नाही खात,” गार्गी म्हणाली.

ती इतका वेळ नाशिकच्या डॉ. हर्डीकरांच्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं आतडं उचकटून पुन्हा बसवत होती. आमच्या बोलण्याकडे तिचं लक्ष असेल असं आम्हाला वाटलंही नव्हतं. नऊ वर्षांची पोर, पण दिसायची सहाची. दोन वर्षं जंताची औषधं, टॉनिकं, काढे आणि संगमनेरातल्या भेटेल त्या माणसाचा सल्ला, सगळं करून आम्ही थकलो होतो. शेवटी इथे येऊन निदान झालं. सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आयुष्यभर बंद, हाच उपाय.

“कधीपासून खात नाहीत?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“माझ्या जन्माच्या आधीपासून. पण ते आजारामुळे नाही. आईनं गहू काशीला सोडलाय.”

डॉक्टर हसल्या. “माझ्या आजीनं पेरू सोडला होता. गहू सोडलेलं पहिल्यांदाच ऐकते. सोडला तेव्हा तब्येत कशी होती त्यांची?”

“तब्येतीचं माहीत नाही. लग्नाला आठ वर्षं होऊन मूल नव्हतं. काशीला जाऊन गहू सोडला आणि वर्षभरात मी झालो. म्हणून तर नाव विश्वनाथ.”

डॉक्टर आता हसत नव्हत्या. हा आजार अंगात असेल आणि कळला नसेल तर कधी कधी बाईला दिवस राहत नाहीत, गहू बंद केला की राहतात, असं त्यांनी सांगितलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. लहानपणापासून ऐकलेल्या त्या चमत्काराचं उत्तर मला अखेर मिळालं होतं.

“आईंना तपासायला हवं,” डॉक्टर म्हणाल्या. “खरं तर तुम्हा दोघांनाही. हा आजार घराण्यातून येतो.”

“पण आई गहू खाणार नाही. तपासणीसाठीसुद्धा नाही.”

“मग त्यांची साधी रक्ततपासणी उपयोगाची नाही, ती गहू खाणाऱ्यालाच लागू पडते. पण जनुकांची तपासणी करता येते. माणूस गहू खावो न खावो, जनुकं तीच राहतात. या आजाराला दोन जनुकांपैकी एक तरी लागतं. ते तीन माणसांत एकाला असतं आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. म्हणजे असलं तर फक्त शक्यता. पण दोन्ही नसली, तर हा आजार जवळजवळ नाहीच म्हणायचं.”

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. आवडीची हा त्यातला शब्द मात्र लोक सोयीने विसरतात. आमच्या आत्याने कारलं सोडलं. शेजारच्या काकूंनी तोंडली सोडली, जी त्यांनी तोवरही कधी पानात घेतली नव्हती. आईने गहू सोडला. चपाती, पुरणपोळी, शेवया, रवा, सगळं. लग्नकार्यात ती पदराखाली भाकरीचा डबा घेऊन जायची आणि पंगतीत बाया तिची चेष्टा करायच्या, “इंदूबाई, तुम्ही काय गव्हाशी भांडलात का?” आई म्हणायची, “भांडले नाही, बदली केली.” मग माझ्याकडे बोट दाखवायची. मला त्या वयात मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण ती चेष्टा नव्हती, तिच्यासाठी तो खरोखरच व्यवहार होता. गहू दिला, मुलगा घेतला. गहू परत घेतला तर मुलगा परत जाणार. मी सातवीत असताना तिने कुणाकडे तरी खोबऱ्याचा समजून रव्याचा लाडू तोंडात टाकला. तो थुंकला, चूळ भरली आणि तशीच चपला न घालता शाळेत आली. मला वर्गातून बाहेर बोलावून घेतलं, नीट पाहिलं आणि म्हणाली, “काही नाही, जा आत.” पुढे वर्षभर पोरं मला “काही नाही, जा आत” म्हणून चिडवत होती. मोठा झाल्यावर मला तिच्या या भीतीचा राग यायचा, आणि तिची कीवही यायची. चाळीस वर्षं एक बाई रोज जेवताना मुलाचा जीव सांभाळते आहे, हे बघवत नव्हतं. नाशिकहून येताना मी ठरवून टाकलं की आईला यातून सोडवायचं. तिला आजार होता, गहू सुटला म्हणून ती बरी झाली, देवाचं यात देणंघेणं नाही, हे एकदा कागदावर आलं की भीती संपली.

आईला मी हे सगळं जेवणानंतर समजावून सांगितलं. ती निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे तुला देवानं नाही, भाकरीनं दिलं मला.”

“तसं नाही म्हणत मी. तपासून तर बघू.”

“आणि निघालं तर?”

“निघालं तर घाबरायचं कारण नाही उरणार. चुकून कधी गहू पोटात गेला तर तुझं पोट दुखेल. मला काही होणार नाही.”

“आणि नाही निघालं तर?”

मी म्हणालो, “तर काशीविश्वेश्वर जिंकला.”

“त्याला काय जिंकायचंय?” आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली. “पण रक्त देते मी. पोरीसाठी देते. गहू तोंडात घालायला सांगायचा नाही, बास.”

शैलाने, माझ्या बायकोने, मला डोळ्यांनीच पुरे म्हणून सांगितलं. घरात तिला आधीच कामं कमी नव्हती. गार्गीसाठी तवा वेगळा, परात वेगळी, बिस्किटांचे डबे बंद. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळतात हे आम्हाला तेव्हा कळलं. म्हणजे आईच्या पोटात चाळीस वर्षं चिमूट चिमूट गहू जातच होता आणि मी ठणठणीत होतो. हा पुरावा माझ्या अगदी जिभेवर आला होता, पण शैलाने दम भरला. हिंग बदलला आणि आईला सांगितलं की जुना फार उग्र होता.

आम्हा तिघांचंही रक्त गेलं. गार्गी सोबत आली होती. सगळ्यांना सुया टोचताना बघून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसली. आठवड्याने फोन आला की माझ्या रक्तात काहीतरी वाढलेलं आहे, दुर्बिणीने आतडं बघावं लागेल. मी नळी घालून घेतली, बारीकसा तुकडा तपासायला गेला. मला स्वतःची काळजी अजिबात नव्हती. मी दिवसाला आठ चपात्या खाणारा माणूस, कधी ढेकरसुद्धा आंबट आली नव्हती. मला उत्सुकता आईच्या रिपोर्टची होती.

सगळं एकदम आलं ते एका शनिवारी. मी एकटाच नाशिकला गेलो.

“तुमच्या मिसेसमध्ये दोन्ही जनुकं नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्यात एक आहे, तेच गार्गीत आलंय. आणि तुमच्या आतड्यात सुरुवात झालेली आहे. तुम्हालाही गहू सोडावा लागेल.”

“मला काही त्रास नाही हो.”

“बऱ्याच जणांना नसतो. आत नुकसान होत राहतं.”

“बरं, बघू. आईचं?”

“आईंमध्ये दोन्ही नाहीत.”

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आईला हा आजार कधीच नव्हता. माझं इतकं बेतलेलं उत्तर साफ चुकलं होतं.

“म्हणजे तुमच्याकडे वडिलांकडून आलंय. वडील?”

“ते गेले. मी कॉलेजात होतो. आतड्यात गाठ निघाली होती, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.”

डॉक्टर अण्णांबद्दल एकेक विचारू लागल्या. अण्णा कसे होते? बारीक, फार बारीक. शिंपीकाम करायचे, मेनरोडला दुकान होतं. लोक म्हणायचे की हा माणूस स्वतःच्या विजारीला कापड लावतच नाही. रक्त कमी असायचं. पोट कायम गुरगुरायचं, त्यावर ओवा चावायचे. पन्नाशी पार करून दोन वर्षांत संपले.

“आता मागे जाऊन सिद्ध काहीच करता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण मला त्यांच्याबद्दल शंका येते. बरीच वर्षं उपचार न झालेल्या माणसाला क्वचित तशी गाठ होते. रक्त कमी, वजन धरत नाही, काही पुरुषांत मूल व्हायलाही अडचण येते. यासाठीच तुम्हाला म्हणते, आजपासून गहू बंद करा.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी अर्धंच ऐकत होतो. एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात आईचाच रिपोर्ट होता, आणि गंमत म्हणजे मला वाईट वाटत नव्हतं. तिचा नेम मोडून काढायला निघालो होतो, आता तो तसाच्या तसा तिच्या हातात परत देणार होतो. आपण हरलो आणि आई जिंकली, यात मुलाला एक वेगळं सुख असतं. माझ्या गव्हाचं दिवाळीनंतर बघू, असं मी सिन्नर यायच्या आत ठरवूनही टाकलं.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. गार्गी जेवून मैत्रिणीकडे गेली होती. शैलाने माझं आणि तिचं पान वाढलं होतं, चपात्या आणि दोडक्याची भाजी. आई ओट्याशी स्वतःपुरती बाजरीची भाकरी थापत होती.

“आई, तुझ्यात नाही ते,” मी हात पुसत सांगितलं.

“नाही म्हणजे?”

“म्हणजे तुला हा आजार कधी नव्हता. गहू चालत नव्हता म्हणून तू बरी झालीस वगैरे काही नाही. माझं चुकलं.”

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “मग,” ती म्हणाली. एवढंच. पण त्या एका शब्दात माझ्यासकट सगळ्या पंगतींना उत्तर होतं. मला तिचं खूप कौतुक वाटलं आणि मी आरामात पानावर बसलो.

“माझ्यातही नाही ना?” शैलाने विचारलं. “मग गार्गीला आलं कुठून?”

“माझ्याकडून. आणि मला अण्णांकडून.”

आईने भाकरी उलटली. “त्यांच्यात होतं?”

“असणारच. तुझ्यात नाही म्हटल्यावर दुसरीकडून येणार कुठून?”

“म्हणजे गहू त्यांना चालत नव्हता.”

“असं पक्कं नाही सांगता येत, आई. डॉक्टरांनी त्यांचं सगळं विचारून घेतलं, बारीक होते, पोट दुखायचं, शेवटी ती गाठ. त्यांना तशी शंका आहे.”

भाकरी तव्यावरच राहिली. करपल्याचा वास आला तशी शैलाने उठून गॅस बंद केला आणि आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. आईच्या हाताला पीठ तसंच होतं.

“मी काशीहून आले, तर तुझे अण्णा माझ्याबरोबर भाकरीच खायला लागले,” ती म्हणाली.

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“त्यात काय सांगायचं? ते म्हणाले, दोन माणसांच्या घरात दोन पिठं कशाला मळतेस. तुझी आजी तेव्हा कोपरगावला काकांकडे असायची, बोलायला कोणी नव्हतं. वर्षभर घरात गव्हाचा दाणा आला नाही.”

“मग?”

“अंग धरलं त्यांनी. ओवा सुटला. सगळ्या विजारी उसवून कमरेत ढिल्या कराव्या लागल्या, मशीनवर मीच बसले होते. गिऱ्हाइकं म्हणायची, वामनशेठ, काशीला बायको गेली आणि पुण्य तुम्हाला लागलं.” आईच्या ओठावर जरासं हसू आलं आणि गेलं. “त्याच वर्षी तुझे दिवस राहिले.”

डॉक्टरांचं जे बोलणं मी अर्धवट ऐकलं होतं ते आता मला पूर्ण ऐकू आलं. मूल न होण्याचं कारण आईत कधी नव्हतंच, ते अण्णांमध्ये होतं. आठ वर्षं ज्या बाईला लोकांनी वांझ म्हणून टोचलं, तिने काशीपर्यंत जाऊन गहू सोडला, आणि नवऱ्याने तिला सोबत म्हणून सोडला तेव्हा मी झालो.

“मग अण्णांनी परत चपाती केव्हा सुरू केली?” मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

“तुझ्या बारशाला. आजी आली होती. तिला कळलं की हेही गहू खात नाहीत, तर ती चिडलीच. म्हणाली, नेम एकाचाच असतो. दोघं पाळायला लागलात तर देवानं धरायचा कुणाचा? तुझाही नाही राहायचा आणि त्याचाही नाही. मी घाबरले रे. तू बारा दिवसांचा होतास. पुरणपोळी केली आणि त्यांच्या ताटात वाढली. ते म्हणाले, अगं राहू दे, भाकरीनं माझं पोट गप असतं. मी ऐकलं नाही. सगळ्यांच्या देखत पहिला घास मीच त्यांच्या तोंडात घातला. बायका हसल्या, तेही हसले.”

शैला म्हणाली, “आई, तेव्हा इथल्या कुठल्या डॉक्टरला ठाऊक होतं हे?”

“डॉक्टरला नसेल. मला त्यांनी सांगितलं होतं की. पोट गप असतं म्हणून.” आई हातावरचं पीठ चोळून काढत होती. “नंतर रोज केल्या. सकाळ-संध्याकाळ. त्यांना मऊ लागायची, तूप लावून दुमडून द्यायचे. विजारी पुन्हा आत घ्यायला लागल्या, त्याही मीच घेतल्या.”

मला रडू आलं. अण्णा गेले तेव्हा इस्पितळाच्या दारात नीट रडलो नव्हतो, ते आता समोर चपाती ठेवून येत होतं. शैलाने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. आई मात्र रडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

“तुझं काय निघालं?”

“माझं कुठलं?”

“नळी घातली होती ना.”

“सुरुवात आहे म्हणतात. पण मला काहीच होत नाही. दिवाळीनंतर बघू.”

“हे तुम्ही आत्ता सांगताय?” शैला म्हणाली.

“गहू सोडायला सांगितलाय?” आईने विचारलं.

“सांगितलाय. पण आई, लगेच काही बिघडत नाही. शाळेत डबा, बाहेर कुठे जाणं-येणं, सगळीकडे भाकऱ्या घेऊन फिरायचं म्हणजे...”

मी बोलत असतानाच ती उठली. ओट्याशी जाऊन हात स्वच्छ धुतले, पदराला पुसले आणि माझ्या समोर येऊन बसली. माझ्या ताटातली घडीची चपाती तिने उचलली. मला वाटलं, ती काढून घेते आहे. तिने एक तुकडा मोडला आणि भाजी न लावता स्वतःच्या तोंडात घातला.

मी तिचं मनगट पकडलं. “आई, काय करतेस?”

तिने माझा हात बाजूला केला. “नेम एकाचाच असतो ना,” ती तोंडात घास घेऊन म्हणाली. “माझा संपला. आजपासून तुझा.”

तिचे दात फार उरले नव्हते, त्यामुळे वेळ लागत होता. चावताना ती एकदाही खाली बघत नव्हती, सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. घास गिळला. मी समोर बसलेला आहे, श्वास घेतो आहे, हे तिने नीट पाहून घेतलं आणि मग दुसरा तुकडा मोडला.